नऊ नंबरची चप्पल

एक खडा. व्हिटॅमिन ईच्या पिवळ्या गोळ्या, पाकीट अर्धं संपलेलं. १९९५ सालचं नवंकोरं केबल कनेक्शन. लाल दोऱ्याने शिवलेला चपलेचा अंगठा. देवास गेटची जिलबी.

भय्यासाहेबांना शुगर निघून चार महिने झाले होते. रक्तात साखर वाढली की आत एक प्रकारचा गंज धरतो आणि तो आधी पायाच्या नसा खातो, असं डॉक्टर श्रीनाथ मुळ्यांनी समजावलं होतं. त्याच आठवड्यात केबलवर कुणीतरी म्हणालं, व्हिटॅमिन ई गंज रोखतं. भय्यासाहेब वीज मंडळातले इंजिनियर. त्यांनी उपाय शोधला: एका जिलबीवर एक गोळी.

धास्ती एकच होती. पाय बधिर निघाला तर गोड कायमचं बंद, असं डॉक्टरांनी रजनीबाईंच्या देखत बजावलं होतं. तपासायला डॉक्टर दोन पात्यांचा पोलादी काटा टणकन वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवायचे. थरथर थांबली की रुग्णाने सांगायचं. भय्यासाहेबांना थरथर कळतच नसे, पण कान तिखट होते. आवाज विरला की ते "थांबली" म्हणत. दर वेळी पास.

सोमवारी सकाळी ते राम घाटावरून घरी आले आणि रजनीबाई दारातच थबकल्या.

"अहो, ह्या कुणाच्या चपला पहनून आलात?"

भय्यासाहेबांनी खाली पाहिलं. चपला काळ्या होत्या आणि बोटांपुढे भरपूर जागा शिल्लक होती.

"मुद्दाम सैल घेतल्या. पायाला हवा पाहिजे, डॉक्टरच म्हणाले."

रजनीबाईंनी एक चप्पल काढायला लावून उलटी केली; तळाला नऊचा आकडा होता, भय्यासाहेबांचा नंबर सात. हरभऱ्याएवढा खडा फरशीवर पडला. त्यामागोमाग रक्ताचा थेंब.

"आणि हा पण डॉक्टरांनीच लिहून दिला?"

दवाखान्यात डॉक्टर मुळ्ये मनसोक्त संतापले. घाटापासून घरापर्यंत माणूस खड्यावर चालतो आणि त्याला पत्ता नाही? परक्याची चप्पल पायात, तरी कळत नाही? भय्यासाहेब मान खाली घालून जिलबीला मनातल्या मनात निरोप देत होते. मान खाली होती म्हणूनच त्यांना टेबलाखालचं दिसलं. त्यांनी बायकोला कोपराने ढोसलं.

रजनीबाई वाकल्या. डॉक्टरांच्या पायातल्या चपलेच्या अंगठ्याला लाल दोरा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता.

"डॉक्टरसाहेब, जरा उभे राहता का?"

डॉक्टर उभे राहिले. दोन्ही टाचा चपलांबाहेर, थेट जमिनीवर होत्या.  खाली बघून ते खुर्चीत बसले, त्यांनी काटा वाजवला, स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

"थांबली," ते म्हणाले.

"अजून वाजतोय, साहेब," भय्यासाहेब हळूच म्हणाले.

त्या सकाळी राम घाटाच्या एकाच पायरीवर हीच दोन माणसं चपला काढून, कुणी ओळखू नये म्हणून एकमेकांकडे पाठ करून, जिलबी खात बसली होती.