सैनिक सापडल्यास शाळेला कळवा

कादंबरी ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं, असा चौथीच्या बाईंचा दर शुक्रवारचा नेम होता. युद्ध म्हणजे काय हे मुलांना सनावळीतून कळत नाही, गोष्टीतून कळतं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ते मुळीच पटत नव्हतं. "एक महिना देते. काही भानगड झाली, तर पुस्तक कपाटात आणि सनावळी फळ्यावर!"

या शुक्रवारी कादंबरीतला तरुण सैनिक धुक्यात नाहीसा झाला. पाय जखमी, हातात काठी. बाईंनी पुस्तक मिटलं आणि घरचा अभ्यास दिला: "त्याच्या आईच्या वतीने सूचना लिहा. मुलगा हरवला आहे. अगदी खरी वाटली पाहिजे."

वर्गातल्या चिमणीने ती इतकी खरी लिहिली, की खाली शाळेचा फोन नंबरही घातला. तिच्या बाबांचं झेरॉक्सचं दुकान. लेक हुंदके देतेय म्हटल्यावर बाबांनी कागद न वाचताच दोनशे प्रती काढल्या, आणि दोन दिवसांत वर्गाने त्या खांबाखांबावर चिकटवल्या.

सोमवारी शाळेचा फोन थांबेना.

"तो काठीवाला ना? बसथांब्यावर बसलाय बघा."

"कोण काठीवाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तुमचाच हरवलाय ना?"

"आमचं कुणीही हरवलेलं नाही!"

"असं कसं? आई रडतेय, लिहिलंय की इथे!"

दुपारी दूधवाल्याने एका माणसाला दंडाला धरून थेट ऑफिसात आणलं. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. "घ्या तुमचा माणूस. येतच नव्हता!"

"अहो, मी रंगारी आहे! शिडीवरून पडलोय!"

एव्हाना बाईंसकट अख्खी चौथी दारात जमली होती. "असंच सांगतात ते," एकाने मागच्यांना समजावलं. "शत्रूच्या हाती लागल्यावर खरं बोलायचं नसतं."

रंगाऱ्याने गोंधळून शत्रूकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे पाहिलं.

चिमणी पुढे झाली. "काका, आईला कळवलंत का?"

"नाही गं. उगाच काळजी करेल ती."

"न कळवल्यावर जास्त करते," चिमणी म्हणाली. "चौथ्या प्रकरणात आहे."

रंगाऱ्याने एकदा प्लास्टरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि टेबलावरचा फोन ओढून घेतला. पुढचं सगळं ऑफिसभर ऐकू आलं. "दहा दिवस? दहा दिवस पाय मोडून बसलास आणि मला आज सांगतोस? कुठला पाय? जेवतोस काय? आहेस तिथून हलू नकोस!" रंगारी "हो आई, हो आई" करत भिंतीकडे वळला आणि बाहीने डोळे पुसू लागला.

"येतेय म्हणते," फोन ठेवून तो ओशाळून म्हणाला. "इथेच."

मोठ्या बाईंनी चौथीच्या बाईंपुढे हात केला. "आणा ते पुस्तक."

बाईंनी ते पुढे केलं. मोठ्या बाई कपाट उघडणार, तोच पुन्हा फोन वाजला. पलीकडे एक थरथरता, म्हातारा आवाज होता.

"अगं, तो मुलगा सापडला का? दोन दिवस घास उतरत नाही मला."

असा मुलगाच नाही, हे सांगायला मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. दारात तीस पोरं श्वास रोखून उभी होती. रंगारीसुद्धा कान देऊन ऐकत होता.

"अजून नाही, आजी," त्या म्हणाल्या. "पुढच्या प्रकरणात कळेल. तुमचा नंबर सांगा, मीच फोन करते."