शिंकेचं पेटंट

"आज त्या कंपनीच्या पेटंटचा मी असा भुगा करतो, की केरसुणीने गोळा करायलासुद्धा काही उरणार नाही!"

मोकळेरावांनी आरशासमोर उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि दुसरा गाल गुळगुळीत होऊन लढाईला सज्ज झाला होता.

"भुगा संध्याकाळी कर. आधी नळ बंद कर," बाहेरून बायको म्हणाली.

मोकळेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. मित्रांनी ठेवलेलं. कारण या गृहस्थाला कुठलीही गोष्ट बंद ठेवणं म्हणून जमत नसे. खिडक्या उघड्या, कपाटाची दारं उघडी, पेनाची टोपणं बेपत्ता, आणि वादविवादात तोंड तर कायमच उघडं. त्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रामही इंटरनेटवर सगळ्या जगासाठी सताड उघडा! घ्या, वापरा, नक्कल करा, मोडा, जोडा. अट एकच, मूळ कुणाचं ते सांगा.

पूर्वी ते एका मोठ्या कंपनीत होते. तिथल्या करारात एक कलम होतं: नोकरीत असताना सुचलेली प्रत्येक कल्पना कंपनीच्या मालकीची.

"आंघोळ करताना सुचलेलीसुद्धा?" मोकळेरावांनी विचारलं होतं.

"सुद्धा," कर्मचारी विभागातल्या बाई म्हणाल्या.

"आणि सुट्टीच्या दिवशीच्या आंघोळीत?"

बाई आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. "सुद्धा!"

त्याच दिवशी मोकळेराव राजीनामा टाकून घरी आले आणि सगळ्यात आधी मनसोक्त आंघोळ केली. तेव्हापासून स्वयंपाकघरामागची खोली हेच त्यांचं ऑफिस. एका बाजूला दोन संगणक, दुसऱ्या बाजूला कांदे-बटाटे. कामं बरी मिळायची, आणि उरलेल्या वेळात ते समाजासाठी प्रोग्राम लिहायचे. 'समाजासाठी' हा शब्द उच्चारताना त्यांची मान आपोआप दोन बोटं उंच व्हायची.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रोग्राम म्हणजे गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी लिहिलेला. एखादं पुस्तक बाहेर गेलेलं असलं, की वाचकाने रांगेत नाव लावायचं. पुस्तक परत आलं, की ज्याची पाळी त्याच्या फोनवर संदेश. बस्स! पण या एवढ्याशा गोष्टीने वाचनालयातली भांडणं थांबली होती. पूर्वी एका कादंबरीवरून दोन सभासद वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता तेच दोघं शेजारी बसून वर्तमानपत्र अर्धं-अर्धं वाटून वाचायचे. आसपासच्या कितीतरी वाचनालयांनी हा प्रोग्राम उचलला. मोकळेरावांना एकही पैसा मिळाला नाही, पण कुठल्याही गावातून जाताना वाचनालय दिसलं, की ते बायकोला कोपराने ढोसून म्हणायचे, "इथेही आपलाच चालतो हं!"

आणि अशात ती नोटीस आली. शहरातल्या एका कंपनीचं म्हणणं असं, की वाट पाहणाऱ्या माणसांना क्रमाने कळवण्याच्या पद्धतीवर आमचं पेटंट आहे. सबब वाचनालयाने हा प्रोग्राम ताबडतोब काढावा आणि आमचा विकत घ्यावा. ग्रंथपालबाईंची झोप उडाली. कार्यकारिणीने सभा बोलावली. कंपनीचा प्रतिनिधी येणार, मोकळेराव बाजू मांडणार, मग हात वर करून निर्णय.

मोकळेरावांनी भाषण लिहिलं. असं लिहिलं, की स्वतःच वाचून स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली. पण हात पोचेना. मग ते त्यांनी लगेच आपल्या संकेतस्थळावर टाकून दिलं. घ्या, वाचा, ऐकवा!

बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "अरे, सभेआधीच सगळं उघड केलंस? काहीतरी राखून ठेवायचं."

"अगं, मी शिट्टीवर वाजवलेली धून तू दिवसभर गुणगुणतेस. म्हणून माझी शिट्टी बंद पडते का? विचार दिल्याने कमी होत नाहीत! नक्कल म्हणजे चोरी नव्हे. दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगणं, ते मात्र वाईट. आणि पेटंट तर त्याहून भयंकर. तुझ्या गणितात कुणी हातचा घेण्याचं पेटंट घेतलं तर?"

"तर माझी अर्धी पोरं आनंदाने नाचतील," बायको म्हणाली.

संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. पुढे टेबलाशी अध्यक्ष, म्हणजे निवृत्त शल्यविशारद. बोलणं कमी, कापाकापी जास्त. शेजारी उपाध्यक्ष, विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज असा भरदार, की त्यांनी 'जरा पाणी द्या' म्हटलं तरी लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या टोकाला कंपनीचा प्रतिनिधी. कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि दात दाखवायचा सराव केलेला चेहरा.

"प्रास्ताविक उपाध्यक्ष करतील," अध्यक्ष म्हणाले.

उपाध्यक्षांनी खिशातून कागदांची घडी काढली, चष्मा लावला, घसा साफ केला.

"मित्रांनो, मला शिंक आली, की मी तोंडापुढे हात धरतो. उद्या या कृतीचं कुणी पेटंट घेतलं, तर मी शिंकायचं कुठे?"

हॉलमध्ये हशा पिकला. मोकळेराव मात्र ताडकन सरळ बसले. हे वाक्य त्यांचं होतं! आधी त्यांना वाटलं, योगायोग असेल. थोर माणसांना सारखंच सुचतं. पण दुसरं वाक्यही त्यांचं. तिसरंही. चौथ्यात त्यांनी स्वल्पविराम चुकीच्या जागी दिला होता. उपाध्यक्ष तिथेच थांबले!

"अगं, हा माझं भाषण वाचतोय!" ते बायकोच्या कानात किंचाळले.

"छान वाचतायत की," बायको म्हणाली. "तुला इतकं जमलं नसतं."

आणि खरंच, काय वाचत होते! मोकळेरावांना एकीकडे घाम फुटत होता आणि दुसरीकडे छाती फुगत होती. आपली वाक्यं इतकी भारदस्त आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लोक माना डोलवत होते. एका आजोबांनी तर डोळे पुसले.

पण खरी गंमत पुढेच होती. उपाध्यक्षांची सगळी हयात दुसऱ्यांनी लिहिलेली भाषणं वाचण्यात गेली होती. कागद हातात आला, की आवाज सुरू आणि डोकं बंद! त्यामुळे ते त्याच धडाक्यात पुढच्या पानावर शिरले.

"मी नोकरी सोडली, तेव्हा माझी बायको म्हणाली, 'पोट भरेल तेवढं मी कमावते, तू मनासारखं काम कर.'"

दुसऱ्या रांगेतून उपाध्यक्षांच्या पत्नी मोठ्याने म्हणाल्या, "मी? कधी?"

"आणि मग स्वयंपाकघरामागच्या त्या छोट्या खोलीत मी हा प्रोग्राम लिहिला!"

"अहो, आपल्या स्वयंपाकघरामागे जिना आहे!" पत्नी पुन्हा म्हणाल्या. पण टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणाला ऐकू जाणार!

कंपनीचा प्रतिनिधी मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो उभा राहिला. "म्हणजे आमच्या पेटंटचा भंग करणारा प्रोग्राम तुम्ही लिहिलात तर! उत्तम. लेखकाची अशी जाहीर कबुलीच आम्हाला हवी होती. आता कारवाई वाचनालयावर नाही, तुमच्यावर होईल."

उपाध्यक्षांचा भरदार आवाज एकदम फुग्यातली हवा निघाल्यासारखा झाला. "कोण? मी? छे छे! मला फोनवरचा फोटोसुद्धा मोठा करता येत नाही!"

"तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंत."

"ते... ते आपलं भाषण होतं! भाषणात माणूस काहीही बोलतो!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मोकळेरावांनी हिशेब केला. गप्प बसलं तर नोटीस उपाध्यक्षांच्या गळ्यात, आपण सहीसलामत. शिवाय भाषण ढापल्याचा सूडही आपोआप उगवला जाणार! क्षणभर, अगदी क्षणभरच, तो विचार त्यांना गोड वाटला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, त्यांना उठायला सोपं जावं म्हणून.

मोकळेराव उठले. "तो प्रोग्राम माझा आहे. एकूण एक ओळ माझी. कारवाई करायची तर माझ्यावर करा."

"बरोबर! यांचाच!" उपाध्यक्ष जीव भांड्यात पडून ओरडले. "प्रोग्राम यांचा! भाषण तेवढं माझं!"

मोकळेरावांनी हे गिळलं. कसं गिळलं ते त्यांचं त्यांनाच माहीत!

प्रतिनिधीने हसून हात जोडले. "वाद कशाला? आमचं मूळ उत्पादन एकदा पाहा. त्यासमोर हे घरगुती प्रकरण म्हणजे पोरखेळ आहे." त्याने आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. "अध्यक्षसाहेब, आपण एक पुस्तक मागा. ग्रंथपालबाई, तुम्हीही तेच मागा. हां, एकदमच! पाहा आमची यंत्रणा दोघांना कशी सन्मानाने वागवते."

त्याने पुढे केलेल्या दोन फोनवर दोघांनी एकदम बटण दाबलं. पडद्यावर टपोऱ्या अक्षरांत संदेश उमटला:

'वाट लावल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.'

असा हशा उसळला, की खिडकीवरची कबुतरं उडाली. प्रतिनिधी पडद्याकडे, लॅपटॉपकडे आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

मोकळेराव मात्र खुर्चीवरच चढले! "माझी! ती चूक माझी आहे! माझी स्वतःची!"

आजवर आपल्या चुकीवर एवढ्या अभिमानाने हक्क सांगणारा माणूस त्या हॉलने पाहिला नव्हता. झालं होतं असं: प्रोग्राम लिहिताना दोन वाचकांनी एकाच क्षणी तेच पुस्तक मागितलं, की सगळं कोलमडायचं. वैतागून मोकळेरावांनी त्या जागी 'वाट पाहिल्याबद्दल'ऐवजी 'वाट लावल्याबद्दल' लिहून ठेवलं आणि तसंच सगळ्या जगासाठी उघड केलं. नंतर दुरुस्तही केलं. पण कंपनीने उचलला तो पहिलावहिला प्रोग्राम, चुकीसकट!

"थांबा," अध्यक्ष हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हा संदेश मला आला होता! प्रोग्राम सुरू झाला त्या आठवड्यात. मी चिडून ग्रंथपालबाईंना फोन केला होता. आठवतं ना, बाई?"

"विसरेन कशी!" बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मी शंभर माणसं कापून बरी केली, वाट कुणाची लावली?"

अध्यक्ष प्रतिनिधीकडे वळले. "तुमचा पेटंटचा अर्ज कधीचा?"

त्याने सांगितलं. प्रोग्राम त्याच्या कितीतरी आधीपासून वाचनालयात चालू होता आणि इंटरनेटवर उघडा पडलेला होता. मोकळेरावांनी तिथल्या तिथे ती जुनी आवृत्ती पडद्यावर काढून दाखवली. तारीख, नाव आणि ती वाट, सगळं जागच्या जागी!

"जे आधीच जगासमोर मांडलेलं आहे, ते नंतर येऊन कुणी नवा शोध म्हणून आपल्या नावावर करू शकत नाही," ते म्हणाले. आता त्यांना कागद लागत नव्हता. "तुम्ही नक्कल केलीत, हरकत नाही. ती करायलाच मी ठेवला होता. मूळ नाव ठेवा, एवढीच अट होती. तुम्ही नाव पुसलंत, कुंपण घातलंत आणि वर मलाच म्हणता, आत आलास कसा!"

हे वाक्य त्यांनी लिहिलेल्या भाषणात नव्हतं. त्याहून चांगलं होतं. बायकोने सगळ्यात आधी टाळी वाजवली, आणि मग हॉलने.

प्रतिनिधी 'मुख्य कार्यालयाशी बोलतो' असं पुटपुटत लॅपटॉपची वायर तिथेच विसरून निघून गेला. प्रोग्राम ठेवायचा, म्हणून सगळे हात वर झाले. उपाध्यक्षांनी तर दोन्ही हात वर केले. काही दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, की नोटीस मागे घेतली आहे. मोकळेराव आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

मग एका सकाळी अध्यक्षांचा फोन आला. "एक विनंती होती. त्या दिवशीचं भाषण फार गाजलं हो! बाकीची वाचनालयंही मागतायत. तुमच्या संकेतस्थळावर टाकाल का?"

मोकळेराव फुलले. "अहो, त्यात काय! ते तर..."

"उपाध्यक्षांचं भाषण म्हणतोय मी. पण आधी त्यांना विचारा हं. अशा गोष्टींना परवानगी लागते. तुम्हाला तर हे सांगायला नको!"

मोकळेरावांनी फोन ठेवला. बायको डबा भरता भरता सगळं ऐकत होती.

"सांगून टाक ना, माझं आहे म्हणून."

मोकळेरावांनी विचार केला. बाकीची वाचनालयं मागतायत. म्हणजे शिंकेचं ते वाक्य गावोगाव जाणार. त्या भरदार आवाजातच लोकांना ते आठवणार. जाऊ दे की! त्यांची मान पुन्हा दोन बोटं उंच झाली आणि त्यांनी उपाध्यक्षांना फोन लावला. आडून आडून विचारलं, भाषण कुठून सुचलं?

"सुनेने इंटरनेटवरून काढून दिलं हो," उपाध्यक्ष निरागसपणे म्हणाले. "तिथलं काय, सगळं बेवारशीच असतं! का, काही काम होतं?"

"ते संकेतस्थळावर टाकायचं होतं. आपली परवानगी..."

"अहो, खुशाल टाका!" पलीकडून तो भरदार आवाज दुमदुमला. "विचारता काय? ज्ञानावर मालकी सांगणाऱ्यातला मी नव्हे!"