ताबापावती, शेऱ्यासह

दस्तगीरमामांकडून शिडी आणायची तर आधी खिशात पेन आहे का ते बघावं लागतं. शिडीला हात लावायच्या आत ते वही पुढं करतात. पानावर लिहिलेलं असतं, 'शिडी एक, लाकडी. शेरा – तिसरी पायरी हलते.' खाली आपण सही करायची, मग शिडी आपल्या ताब्यात. परत करताना पुन्हा सही, ह्या वेळी त्यांची. आमची ही एकदा आमटीसाठी कढीपत्ता मागायला गेली, तर तिच्याकडूनही पावती घेतली. 'कढीपत्ता, काड्या चार. शेरा – परत करू नये.'

"मामा, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कसली हो कागदपत्रं?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"मास्तर, दुनियेत भांडणं कशानं हुत्यात? दिल्याघेतल्याचा कागुद नसतो म्हनून. ताबा घेतला, सही करा. इषय संपला."

ही खोड त्यांना गावच्या दूध संस्थेत लागली. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव. चौकात संस्था आणि संस्थेत दस्तगीर मुलाणी. कुलूप उघडणारे तेच, माप घेणारे तेच, झाडू मारणारेही तेच. ग्रामपंचायतीपेक्षा ह्या संस्थेच्या निवडणुकीला आमच्याकडं चुरस जास्त. पॅनेलं दोन, आणि दोघांनाही संस्था आपल्या बापाची वाटते.

एका निवडणुकीत पोपटतात्यांचं पॅनेल आलं. हलगी, गुलाल, फटाके, शे-दीडशे पोरं संस्थेच्या दारात. "फोडा कुलूप!" कुणीतरी ओरडलं. मामा पायरीवर उभे, डोक्यावर खाकी टोपी, काखेत वही.

"फोडताय कशापायी? किल्ली हाय की माझ्याजवळ. पर आदी सही. खुर्च्या चौदा, त्यातल्या दोन लंगड्या. पंखा एक, शेरा – आवाज करतो. फोटू सात. चला आत, मोजून घ्या."

आणि तात्या गेले की हो आत! बाहेर हलगीवाला उन्हात घाम पुसत उभा, आत चेअरमन खुर्च्या हलवून बघतायत. अर्ध्या तासानं सही झाली. त्या पानावर गुलालाच्या बोटांचे ठसे अजून आहेत. पुढच्या खेपेला तात्या पडले आणि दुसऱ्या पॅनेलनं त्यांच्यावर दोन खुर्च्या मोडल्याचा आळ घेतला, तेव्हा ह्याच पानानं त्यांची अब्रू वाचवली. तेव्हापासून तात्या मामांना लांबूनच नमस्कार घालतात.

मामांचा आणखी एक हेका म्हणजे दूध तोंडाला लावायचं नाही. जन्मभर कोरा चहा. "माप घेनाऱ्याच्या मिशीला साय दिसली तर लोकं काय म्हनतील?" असं त्यांचं म्हणणं. चाची, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांमागं वारली. मुलगी मिरजेला दिलेली. घरात एकटा जीव, पण दूध काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही.

संस्थेच्या रांगेत सगळ्यात शेवटी यायच्या त्या हौसाक्का. म्हैस एक, तीही मालकिणीसारखीच थकलेली. दूध जेमतेम अर्धा लिटर. मुलाचं कोइमतूरला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळायचं. फोनवर त्याचं एकच पालुपद, "आई, म्हैस वीक आणि इकडं ये." आक्कांचं उत्तरही ठरलेलं, "मग डेरीला दूध कोन घालनार?" आक्कांच्या दुधावाचून डेअरी अडली होती अशातला भाग नाही. पण किटली घेऊन चौकात यायचं, चार बायकांशी बोलायचं, मामांनी "काय आक्का, म्हैस काय म्हनती?" विचारायचं, आक्कांनी "रुसलीया" म्हणायचं, एवढ्यावर म्हातारीचा दिवस निघायचा. म्हैस विकली की आक्का गेल्या, हे गावाला ठाऊक होतं. आणि तिकडं मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, भाषा येत नसताना, त्या किती दिवस काढतील हेही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दोन्ही पॅनेलं भांडत बसली आणि संस्था एका खाजगी कंपनीनं घेतली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. ताबा घ्यायला मॅनेजर आला. तिशीचा पोरगा, सभ्य, हातात टॅब. मामांची यादी चार पानांची. मी साक्षीदार, म्हणजे मला घरातून ओढून आणून बसवलेलं.

पोरगा हसत हसत टिक मारत गेला. खुर्च्या झाल्या, पंखा झाला, कॅन झाले. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. 'हौसाक्का, दूध अर्धा लिटर. शेरा – उशीर झाला तरी घेणे.'

"काका, हे काय?"

"ही बी ताब्यात घ्यायची."

"अहो, दोन लिटरच्या खाली आम्ही घेतच नाही. आणि माणसं कशी येतील यादीत?"

"चाळीस वरसं येतीया ती. खुर्च्या तिच्या मागनं आल्या."

पोरानं ती ओळ अगदी सभ्यपणे खोडली आणि खाली सही केली. मामा भांडले नाहीत. किल्ली दिली आणि टोपी सारखी करत घरी गेले. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, वाईट वाटण्यापलीकडं मी काही केलं नाही.

त्यानंतर आमच्या घरी मामांकडून जिन्नस यायला लागले. 'दही, वाडगा एक. शेरा – आंबट.' मग खीर. मग ताकाची बरणी. एकदा तर चक्क बासुंदी! "म्हातारा ह्या वयात दुधाला लागला की काय?" आमची ही म्हणाली. माझ्याही डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

परवा सकाळी मामांनी हाक मारली. गेलो तर सोप्यात टेबल मांडलेलं, त्यावर कॅन, अर्ध्या लिटरचं माप, आणि मागं खुर्चीत मामा खाकी टोपी घालून बसलेले. तेवढ्यात हौसाक्का किटली घेऊन आल्या.

"काय आक्का, म्हैस काय म्हनती?"

"रुसलीया. दस्तगीर, चा झाला का?"

"झाला, झाला."

दूध ओतून आक्का माझ्याकडं वळल्या. "मास्तर, कंपनी लय चांगली बगा. थोड्या दुधाची शाखा हितं काढली." आणि गेल्या. मी मामांकडं बघत राहिलो, मामा मापाकडं.

"कवापास्नं चाललंय हे?"

"त्याच सकाळपास्नं. चौकात पोचायच्या आदीच गाठली तिला. काय करू मग? पोरगं म्हैस इकायला टपलंय." दुधाचं बिलही तेच देत होते, कंपनीच्या नावानं.

मग वही पुढं आली. दुसऱ्या दिवशी मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन, आठ दिवस लेकीकडं मुक्काम. चार्ज कुणाला तरी द्यायला हवा. मी वाचलं. 'कॅन एक. माप एक. टोपी एक, घालून बसणे. हौसाक्का एक. शेरा – म्हैस काय म्हणती रोज विचारणे. ती चहा झाला का विचारते, झाला म्हणणे.'

"आणि खरंच झालेला असतो?"

"न्हाई. ती गेल्यावर ठेवतो. पर कुनीतरी इचारतंय न्हवं सकाळी."

त्या वहीत मी आजवर पन्नास वेळा हसत सही केली असेन. ह्या वेळी हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मामांच्या सोप्यात टोपी घालून बसलो. टोपी कानावर येत होती. आक्का आल्या.

"काय आक्का, म्हैस काय म्हणती?"

आक्कांनी माझ्या टोपीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "काढ ती मास्तर, बुजगावणं दिसतुयास. कंपनीचं मशीन दोन लिटरच्या खाली घेत न्हाई, ठावं हाय मला. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग रोज येता कशाला?"

किटलीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "न्हाई आले तर त्याच्याकडं कोन जातंय सकाळचं? म्हनून तर पोराकडं गेले न्हाई. तू बोलू नगंस बरं का त्याला."

शेऱ्याच्या रकान्यात मी ह्यातलं काहीही लिहिलं नाही. मामा आले की कॅन, माप, टोपी आणि आक्का मोजून परत देणार आणि त्यांची सही घेणार.