रेडिओ केंद्र विकलं गेल्याचं प्रकरण

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक माणूस डोळ्यांपुढे आणा. ताडासारखा उंच. नजर घारीची, नाक गरुडाचं, चाल वाघाची. त्याचं नाव ऐकताच चोर गाव सोडतात आणि घाईत स्वतःच्याच घराला कुलूप लावायचं विसरतात. आणलात?

आता डोळे उघडा. हे वर्णन त्याने स्वतः लिहून माझ्या हातात ठेवलंय आणि वर बजावलंय, "बाबा, सुरुवात अशीच करा." खरा माणूस आमच्या फ्रिजपेक्षा जरासा बुटका आहे, चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि अंगात इतके पशुपक्षी असूनही पाल दिसली की खुर्चीवर चढतो. तो माझा मुलगा. माझ्या नातीचा मामा, म्हणून सगळी गल्ली त्याला मामाच म्हणते.

दुकानातलं एक मोठं भिंग खिशात टाकून तो गुप्तहेर झाला. हाती घेतलेलं प्रकरण आपण कधीच सोडत नाही, असं तो सांगतो. खरं आहे. सोडवतही नाही.

गुप्तहेर म्हटला की सहायक हवा. त्या जागेवर माझी नेमणूक झाली, कारण पळून जाण्याइतके माझे गुडघे धड नाहीत. घरी तो मला "बाबा" म्हणतो, पण भिंग हातात आलं की "सहायक" म्हणतो. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, तो मला "सहायक, मागे राहा" म्हणतो. मी राहतो. पुढे जाऊन तरी कुठे पोचणार असतो आम्ही?

तर त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या घरातला रेडिओ बिघडला. म्हणजे रेडिओ ठणठणीत होता, त्यातून येणारं बिघडलं होतं. आमच्या गावाचं स्वतःचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. सकाळी हवामान, मग बातम्या, मग पत्रं, मग गाणी, असं सगळं घड्याळासारखं. त्या दिवशी मात्र हवामान झालं आणि बासरी सुरू झाली. बातम्यांच्या वेळी बासरी. पत्रांच्या वेळी बासरी. तीच धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"आजोबा, हे थांबणार कधी?" माझ्या नातीने विचारलं.

तिला आम्ही टिटवी म्हणतो. आवाज तसाच आहे तिचा. तिने स्वयंपाकघरात गुपित सांगितलं तरी चौकातल्या दुकानदाराला कळतं. जन्मापासून तिने सर्वांत जास्त ऐकलेले शब्द म्हणजे "जरा हळू बोल". पण त्या दिवशी दुपारी चार वाजता, मुलांच्या कार्यक्रमात, ती रेडिओवर स्वतः रचलेली गोष्ट सांगणार होती. गोष्ट पोहता न येणाऱ्या बेडकाची होती. तिचा सगळा वर्ग ऐकायला बसणार होता. आईने तर मावशीआत्यांना फोन करकरून सांगितलं होतं. आणि आता रेडिओ बासरी सोडायला तयार नव्हता.

जेवणं उरकली तेवढ्यात मामा दारातून आत आला तोच भिंग उगारून. "केंद्र विकलं गेलंय! न्हाव्याकडून खबर आहे."

"त्याला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"इस्त्रीवाल्याने."

"आणि इस्त्रीवाल्याला?"

"मीच बोललो होतो, तसं वाटतंय म्हणून. पण बघा ना बाबा, दोन वेगवेगळ्या माणसांनी दुजोरा दिला!"

मुलांनो, इथे थोडं थांबा. आपणच सोडलेली अफवा गल्लीला वळसा घालून आपल्याकडे परत आली, तर तिला पुरावा म्हणायचं नसतं. हे मी मामाला तो तुमच्याएवढा असताना शिकवलं होतं. त्या दिवशी तो बहुधा गैरहजर होता.

"पण विकलं तर माझ्या गोष्टीचं काय?" टिटवीचा आवाज पहिल्यांदाच इतका लहान झाला की मला तो नीट ऐकू आला नाही.

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस. मामा चारच्या आत नव्या मालकाला शोधून काढेल आणि त्याच्याकडून तुझा कार्यक्रम सोडवून आणेल. सहायक, चप्पल घाला."

आम्ही निघालो. कोपऱ्यावर गाद्या भरलेला एक टेम्पो दिसताच मामा जागच्या जागी खिळला.

"समजलं! केंद्र गादी कारखान्याने घेतलंय. दिवसभर संथ बासरी ऐकवायची, गावाला पेंग आणायची आणि पेंगणाऱ्या गावाला गाद्या विकायच्या! बाबा, तुम्हाला झोप येतेय का?"

"मला रोजच येते."

"हा पहिला बळी!" मामा म्हणाला.

पुढच्या चौकात दूधवाला शीळ घालत चालला होता. मामाने गादीवाल्याला तिथल्या तिथे निर्दोष सोडलं. "शीळ कशाला? खुशीत का? बासरी ऐकून गाई जास्त दूध देतात. केंद्र दुग्धालयाने घेतलंय! यापुढे माणसांसाठी कार्यक्रमच नाहीत, सगळे गोठ्यासाठी."

"मामा, तो रोज शीळ घालतो," टिटवी म्हणाली.

"म्हणजे कट जुना आहे."

अशा रीतीने दवाखान्यापर्यंत येईतो केंद्राने आणखी दोन मालक बदलले. बासरी शिकवणारे एक गुरुजी आणि कानात घालायचा कापूस विकणारा एक औषधवाला. मला त्यातला औषधवाला पटण्यासारखा वाटला.

दाताच्या डॉक्टरांच्या पायरीवर एक बाई गाल धरून उभ्या होत्या. त्या केंद्राच्या निवेदिका. रोज सकाळी हवामान सांगतात त्याच. गाल पेरूसारखा फुगलेला आणि तोंडात कापसाचा बोळा. आतल्या खोलीत डॉक्टरांचा रेडिओ तीच बासरी वाजवत होता. आम्हाला बघताच त्या घाईने हातवारे करू लागल्या.

"उं! उं उं!" त्यांनी केंद्राच्या दिशेने बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग दोन्ही हात जोरजोरात नकारार्थी हलवले.

"'तिथे', 'मी', 'नाही'," मामा पुटपुटला. "बाई, तुम्हाला कामावरून काढलं! आणि कोणी बोलू नये म्हणून तोंडात बोळा कोंबला!"

बाईंनी कपाळावर हात मारला.

"बघा, दुःख अनावर झालंय," मामा मला म्हणाला.

तेवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली, "चला, दुसरी दाढ," आणि बाई मान हलवत, मागे वळून वळून बघत आत गेल्या. टिटवी मात्र पायरीवर तशीच उभी राहिली. मग काही न बोलता आमच्यामागून आली. काही न बोलता! मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

रेडिओ केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतला वरचा मजला. एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला प्रसारणाच्या खोलीचं जाड दार, त्यावर एक लाल दिवा. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी: "लाल दिवा लागला असताना बोलू नये. दार उघडू नये." आत कोणी माइकवर बोलत असलं की तो दिवा लावायचा. आपल्या शिंकेचा आवाज सगळ्या गावाने ऐकू नये, म्हणून हा नियम. तिथली माणसं तो इतका पाळतात की दिवा लागला की फोनची घंटासुद्धा बंद करून ठेवतात.

दिवा लागलेला होता. दाराजवळच्या बाकावर तिघे जण ओळीने बसले होते. केंद्राचे साहेब, यंत्रं सांभाळणारे काका आणि बातम्या वाचणारे आजोबा. तिघेही गप्प. आत बघावं तर दाराच्या काचेला पडदा, कारण बातमीवाल्या आजोबांना वाचताना कोणी पाहिलं की घाम फुटतो.

मामाने तोंड उघडलं. तिघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

मग मामाने खुणांनी चौकशी सुरू केली. आधी त्याने सगळ्या इमारतीकडे हात फिरवला, मग पिशवीत काही घातल्यासारखं करून ती खांद्यावर टाकली. म्हणजे, केंद्र विकलं का? साहेबांना वाटलं, हा माणूस इमारत चोरायला आलाय. ते दचकून उभे राहिले. काकांनी त्यांना खाली बसवलं. आजोबांनी हातातल्या बातम्या दाखवल्या, घड्याळ दाखवलं आणि हवालदिल होऊन दाराकडे बोट केलं. मामाने माझ्या कानात इतक्या हळू सांगितलं की मला आवाजापेक्षा त्याचा श्वासच जास्त लागला, "नवा मालक आत बसलाय."

घड्याळात चार वाजायला आले होते. कोपऱ्यातल्या छोट्या रेडिओवर बासरी चालूच होती. मी टिटवीकडे पाहिलं. वाटलं, आता रडेल. ती बोटं मोजत होती.

तिने साहेबांकडे पाहून एक बोट मिटलं. काकांकडे पाहून दुसरं. आजोबांकडे पाहून तिसरं. मग गालावर हात ठेवून, तो पेरूसारखा फुगवून, चौथं. या केंद्रात एवढीच माणसं काम करतात. तिने मिटलेली मूठ माझ्यापुढे धरली. मग दाराकडे बघून खांदे उडवले.

मुलांनो, तुम्हाला कळलं? मला तिथे कळलं. बाकावरचे तिघेही समजत होते की निवेदिकाबाई आत आहेत. आणि निवेदिकाबाई आम्हाला भेटल्या होत्या, जिवाच्या आकांताने सांगत होत्या, "तिथे मी नाही!"

टिटवीने दार ढकललं.

आत कोणीच नव्हतं. एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर बाईंची शाल, समोर माइक आणि आपली आपण पुन्हा पुन्हा वाजणारी बासरी. ती धून मधली रिकामी वेळ भरण्यासाठी ठेवलेली होती. सकाळी बाईंची दाढ इतकी ठणकली की त्या क्षणभरासाठी म्हणून बासरी लावून काकांना शोधायला निघाल्या. काका गच्चीवर होते, दाढ थांबायला तयार नव्हती, बाई मागच्या जिन्याने तडक दवाखान्यात पळाल्या आणि तिथल्या लांबलचक रांगेत अडकल्या. लाल दिवा बंद करायचा राहून गेला. मग एकेक जण आला, दिवा बघून बसला आणि नियमाप्रमाणे कोणी कोणाला काही विचारलं नाही. केंद्र कोणी घेतलं नव्हतं, कोणी विकलं नव्हतं. ते नुसतं वाट बघत होतं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग आपल्या लाल दिव्याकडे, आणि हळूहळू त्यांचा चेहराही त्याच रंगाचा झाला. काकांनी चवड्यांवर चालत जाऊन बासरीचा आवाज अलगद उतरवत नेला. गावात शांतता झाली. घड्याळात चार वाजले. काकांनी टिटवीकडे बघून मान हलवली.

तिने खुर्ची पुढे ओढली, त्यावर गुडघे टेकून बसली आणि माइकजवळ तोंड नेलं. तिच्या आईची अख्खी हयात ज्या आवाजाला आवर घालण्यात गेली, तो आवाज आता भिंतींवरून, चौकातून, न्हाव्याच्या दुकानातून गेला: "नमस्कार! एक होता बेडूक. त्याला पोहता येत नव्हतं!"

दवाखान्यातल्या रेडिओवर तो ऐकून निवेदिकाबाईंनी भूल दिलेल्या तोंडाने टाळ्या वाजवल्या, असं डॉक्टर सांगतात. टाळ्यांना तोंड लागत नाही, पण डॉक्टरांचं म्हणणं तसंच आहे.

इकडे मामा भिंग घेऊन दारात आला. छाती फुगवून त्याने श्वास घेतला. "मला पहिल्यापासून संशय होताच की आत..."

टिटवीने गोष्ट न थांबवता, मान न वळवता एक बोट ओठांवर ठेवलं. दुसऱ्या हाताचं बोट वर, लाल दिव्याकडे केलं.