भोंगा, मीटर आणि हिरवं पाकीट

आमच्या कारखान्याच्या वीजमीटरला भोंगा मी स्वतः बसवला, आणि त्याच दिवशी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "हा भोंगा कधीही खोटं बोलणार नाही!" तो बोललाही नाही. खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली!

तैवानमधल्या ताइनान शहराच्या बाहेर आमचा माशाचे गोळे करायचा कारखाना आहे. एका टोकाला मासा दळायची यंत्रं, मधे गोळे उकळायच्या विजेच्या कढया, आणि दुसऱ्या टोकाला गोठवणीचा बोगदा. लिबलिबीत गोळा इकडून आत, दगडासारखा गोळा तिकडून बाहेर. मी इथली इंजिनियर, याओ ज्युन-यी. मी हळू बोलते आणि दशांश चिन्हापुढचे आकडेही वाचते. त्या दिवशी या दोन्ही सवयी मला भोवल्या.

मीटरला मी दोन मर्यादा घालून दिल्या होत्या. कारखान्याचा भार चारशे किलोवॅटच्या वर गेला की भोंगा वाजणार. म्हणजे, बाबांनो, काहीतरी बंद करा! तरीही कोणी ऐकलं नाही आणि भार साडेचारशेला टेकला, तर मीटर आपणहून सगळ्यांत मोठं यंत्र बंद करणार. सगळ्यांत मोठं यंत्र कोणतं? गोठवणीचा बोगदा. तर्क अगदी बिनचूक!

एरवी लोक अशा मीटरला थोडी सवलत देतात. भार क्षणभर वर उसळला तर लगेच ओरडू नकोस, जरा थांबून बघ. आणि एकदा ओरडलास, की भार चांगला खाली उतरेपर्यंत गप्प बसू नकोस. मला हा शुद्ध ढिलेपणा वाटला. चारशे म्हणजे चारशे! मी थांबायचा वेळ शून्य ठेवला, आणि गप्प बसायची रेघ चारशेच्या केसभर खाली.

हे सगळं पहिल्यांदा कामाला लागलं ते नेमकं चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यातल्या मोठ्या पूजेच्या आदल्या दिवशी. भुकेल्या भुतांच्या पंगतीसाठी देवळाने वर्षातली सगळ्यांत मोठी ऑर्डर दिली होती. सगळा माल बोगद्यात. बोगदा मधेच थांबला, तर हजारो गोळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असता! माणसं एकवेळ थांबतात हो; वर्षभर उपाशी राहिलेल्या भुतांना कोण थांबवणार?

सकाळचा चहा संपतोय न संपतोय तोच भोंगा वाजला.

पीं! मग गप्प. पीं! पीं! गप्प. पीं!

भार चारशेच्या रेघेवर बेडकासारखा उड्या मारत होता आणि भोंग्याला उचकी लागली होती. मी मीटरच्या खोलीकडे धावले. माझ्यामागून अख्खा कारखाना धावला.

"याओ, तुझं बाळ का रडतंय गं?" दळण यंत्रावरच्या आ-ग्वेईमावशींनी विचारलं.

"रडत नाहीये, मावशी. भार वाढलाय, तेवढंच सांगतंय."

"मग एकदाच सांग म्हणावं! आमच्या सुनेसारखं काय चाललंय?"

एवढ्यात गर्दीतून वाट काढत आमचे मुकादम आ-होंगकाका आले. त्यांच्या हातात हिरवं पाकीट होतं.

आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, कारण यंत्रावर हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं चालत नाही. आणि तारीख उलटलेलं तर मुळीच नाही; तसलं पाकीट ठेवणं म्हणजे यंत्राच्या तोंडावर त्याची आई काढणं!

"नवीन यंत्र आणलंस आणि पाकीट ठेवलं नाहीस?" काका म्हणाले. "शिकलेल्या माणसांचं हे असंच!"

त्यांनी मीटरच्या पेटीवर पाकीट ठेवलं, हात जोडले. भोंगा थांबला.

"बघ!"

"काका, हा योगायोग आहे."

"हो ना. योगायोग फार लवकर ऐकतो हिरव्या पाकिटाचं!" सगळे हसले आणि आपापल्या कामाला गेले.

पीं!

सगळे परत आले. दुसरं पाकीट ठेवलं. भोंगा थांबला. सगळे गेले. पीं! तिसरं पाकीट. थांबला. गेले. पीं! मी खोलीत येरझारा घालत होते. आकडा वर, आकडा खाली, माझा जीव त्याच्याबरोबर वरखाली. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

माणसं! यंत्र सोडून जायचं तर आधी बटण बंद करायचं, हा काकांचा कडक नियम. म्हणजे भोंगा ऐकून सगळे इथे आले की कढया बंद, दळणं बंद. भार उतरला की भोंगा गप्प. मग सगळे खुशीत परत जाणार आणि सगळी यंत्रं एकदम चालू करणार! पाकिटाचा काही संबंधच नव्हता. भार उतरवत होती ती बघ्यांची गर्दी!

माझ्या शून्य वेळेमुळे ही आगगाडी गोल गोल फिरत होती, हेही तेव्हाच कळलं. थांबायचा वेळ वाढवणं म्हणजे चार बटणांचं काम. पण ती बटणं होती पाकिटांच्या मागे. काकांचं पहिलं पाकीट मी जरासं बाजूला सरकवलं मात्र, तेवढ्यात पलीकडे कढया चालू झाल्या.

पीं!

"हात लावला! तिने हात लावला!" आ-ग्वेईमावशी दारातूनच किंचाळल्या.

"मावशी, तुम्ही बटण दाबलंत म्हणून वाजला!"

"म्हणजे माझ्यामुळे? तीस वर्षं बटण दाबतेय, कधी कोणी पींपीं केलं नाही मला!"

मालकीणबाई आल्या. छ्यूबाई म्हणजे भला मोठा आवाज आणि त्याच्यामागे एक छोटीशी बाई. "सकाळपासून कवायत चाललीये नुसती! ट्रक दुपारी येणार. याओ, स्पष्ट सांगते. आज बोगदा थांबला, तर देवळात जाऊन भुतांची माफी तू मागायची. एकटीने! आणि मीटर भंगारात!"

"बाई, सगळ्यांनी एकदम यंत्रं चालू केली, तर बोगदाच..."

"मोठ्याने बोल!"

"एकामागून एक चालू करायला सांगा, नाहीतर..."

"ऐकू येत नाही! चला रे सगळे! दोन्ही दळणं, सगळ्या कढया, राहिलेलं काम भरून काढा! आणि आता भोंग्याकडे कोणीही बघायचं नाही!"

सगळे पळाले. मी आणि छ्यूबाई मीटरसमोर उरलो.

चारशे पाच. पीं! चारशे अठरा. कोणी आलं नाही. चारशे एकोणतीस. माझ्याच हाताने बसवलेलं यंत्र माझ्याच डोळ्यांदेखत माझाच बोगदा बंद करायला निघालं होतं, आणि तेही अगदी अचूकपणे! आता बटणं दाबत बसायला वेळ कुठला? मी दारात जाऊन ओरडले, "कढया बंद करा!" कढयांच्या आवाजात ते कढयांनाही ऐकू गेलं नसेल. चारशे छत्तीस. चारशे त्रेचाळीस.

मग विज्ञानाची पदवीधर मुलगी जे कधीच करणार नाही, ते मी केलं. काकांचं पाकीट उचललं, डोक्यावर धरलं आणि जन्मात पहिल्यांदा घसा फुटेपर्यंत किंचाळले:

"पाकिटाची तारीख उलटलीये!"

कारखाना जागच्या जागी थिजला. मग खट, खट, खट, खट! बटणं बंद. चपला फटफटवत, हात पुसत, चेहरे पांढरे पडलेली सगळी माणसं दारात. मी मागे वळून पाहिलं. चारशे अठ्ठेचाळीस... चारशे दहा... तीनशे वीस. भोंगा गप्प. आणि पलीकडे एकटा बोगदा संथपणे घुमत होता, आमचे गोळे सुटे ठेवत.

मी पटकन पाकिटं बाजूला केली. थांबायचा वेळ वाढवला, गप्प बसायची रेघ खाली नेली. चार बटणं! मग सगळ्यांना एकेक करून यंत्रं चालू करायला सांगितलं. आता मात्र सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. ट्रक वेळेवर गेला.

ते सगळं झाल्यावर मला लाज वाटायला लागली. भर कारखान्यात मी काकांना खोटं पाडलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले. ते पाकीट हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून उभे होते.

"काका, ते तारखेचं... मी उगाच..."

"उगाच काय? बरोबर बोललीस, पोरी." त्यांची मान खाली गेली होती. "माझ्या कपाटातलं जुनं होतं. मागच्या महिन्यातच उलटलीये. एवढं बारीक अक्षर लांबून कसं गं दिसलं तुला?"

मी पाकीट घेतलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

मागच्या महिन्यात.

आता दर महिन्याला मी त्या मीटरची तपासणी करते. तारा, मर्यादा, थांबायचा वेळ आणि तारीख. पहिल्या तिन्हींची शास्त्रीय कारणं मला कधीही विचारा, सविस्तर सांगते. चौथ्याचं मात्र विचारू नका!