दाजींची दौत

दाजी फणसळकर गळ्यात दौत बांधून हिंडत. लोक जानव्याला किल्ली बांधतात, दाजींनी दौत बांधली. कारण साधं होतं. ते सही मागायला दारात उभे राहिले, की त्या घरातली शाई नेमकी त्याच दिवशी संपलेली असायची. "शाई आणलीय," म्हणत दाजी बूच काढायचे. मग चष्मे हरवायचे.

अर्ज एकच. खालच्या आळीची नगरपालिकेची विहीर महारवाड्यातल्या बायकांनाही खुली करावी. दरसाल तोच मजकूर नव्या कागदावर. तोंडावर नाही कोणी म्हणत नसे. "बघू हो, उद्या." दाजी चिडत नसत. "राहू दे, जागा ठेवतो," म्हणत आणि एक ओळ कोरी सोडत. शेवटी अर्जात मजकूर चार ओळींचा आणि कोऱ्या ओळी चाळीस.

शाई झिरपून त्यांचा सदरा छातीवर कायम काळा. बंदरावरच्या कोळणी त्यांना माकूल म्हणत, त्या शाई सोडणाऱ्या मासळीवरून. "गे बायो, माकूल इलो." दाजी खूश. मला म्हणाले, "माकूल घाबरली की शाई सोडते, भाऊ. आपली माणसं घाबरली की शाई लपवतात."

मी हसलो होतो.

अर्जाने काही होत नाही म्हणून एका साली दाजी नगरपालिकेच्या निवडणुकीलाच उभे राहिले. सूचक वखारीतला एक भंडारी मिळाला. अनुमोदक मिळेना. आम्ही शाळेपासूनचे सोबती. माझ्या ओटीवर बसून त्यांनी बूच काढलं आणि मी सही केली.

तिसऱ्या दिवशी आळीतले वडीलधारे आबा आले. पानाला चुना लावत म्हणाले,

"तुमच्या थोरलीचं, यमूचं लग्न चैत्रात ना?"

"होय."

"भटजी सांगितलेत?"

"सांगितलेत की."

"येतील म्हणा. बघू."

एवढंच बोलून गेले. त्या दिवसापासून कडी वाजली तरी मला घाम फुटे. न्हाव्याला यायला तासभर उशीर झाला, तर वाटलं, सुरू झालं. वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणात कावळासुद्धा परका वाटतो, हे मी लहानपणी मामाकडे पाहिलं होतं.

छाननीच्या दिवशी आबा कचेरीत मागच्या बाकावर बसले होते. साहेबांनी दाजींच्या उमेदवारीचा कागद पुढे केला.

"अनुमोदक म्हणून ही सही तुमची?"

"नाही," मी म्हणालो.

"इथे करून दाखवा."

हात इतका थरथरत होता, की माझं नाव गांडुळासारखं उमटलं. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या.

"जुळत नाहीत. मग ही खोटी सही कुणाची, फणसळकर?"

खोट्या सहीला तुरुंग. ते मला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. मी बाकाच्या लाकडातली गाठ बघत राहिलो.

दाजी माझ्या हाताकडे बघत होते. "घोटाळा माझाच, साहेब," ते म्हणाले. "कागदांची अदलाबदल झाली असेल. मी अर्ज मागे घेतो."

साहेबांना जेवायला जायचं होतं. प्रकरण तिथेच मिटलं.

पायऱ्यांवर दाजींनी मला गाठलं. "घाबरू नका हो. यमूचं नीट होऊ दे. जागा ठेवतो."

भटजी आले, लग्न झालं. दाजींना मी आमंत्रण दिलं नाही. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

गेल्या भाद्रपदात दाजी गेले. मुंबईहून आलेला पुतण्या त्यांची ट्रंक माझ्याकडे ठेवून परतला. आत सगळ्या सालांचे अर्ज. खाली दाजींची एकट्याची सही आणि मग कोऱ्या ओळी. त्यातल्या पहिल्या ओळीपुढे, प्रत्येक अर्जावर, पेन्सिलीने बारीक अक्षरात माझं नाव. छाननीच्या आधीच्या सालांत, आणि नंतरच्याही.

तळाशी दौत होती. शाई वाळून खडा झाली होती. मी पाणी घालून ती सैल केली आणि शेवटच्या अर्जावर, माझ्या जागी सही केली. हात कचेरीत थरथरला होता तसाच थरथरला.

मग कागद घेऊन आबांकडे गेलो. ते ओटीवरच होते. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं.

"धाकटी उजवायचीय ना अजून, भाऊ?"

"होय. सही हवी होती."

आबांनी कागद परत केला. "केली असती हो. पण शाई नाही घरात."

मी सदऱ्याच्या गळ्यातून दोरा वर ओढला.