मुक्कामाला एक

निवाऱ्याचं दार सताड उघडं होतं, चूल पेटलेली होती, पातेल्यात काहीतरी रटरटत होतं, आणि आत माणूस नव्हतं. टेबलावर एक ताट, एक पेला, एक चमचा. भिंतीलगतच्या आठ बाकांपैकी एकावरच गादी घातलेली आणि तिच्यावर एकच घोंगडी, नीट घडी करून ठेवलेली. सिस्टर उंबऱ्यावरच थबकल्या. पाच मिनिटांनी धुक्यातून साहेब उगवले आणि त्यांच्या मागे उभे राहिले. काल सकाळपासून दोघांचा अबोला होता, त्यामुळे "कुणी आहे का?" हे दोघांनीही निवाऱ्याला विचारलं, एकमेकांना नाही.

निवाराही बोलला नाही. वाऱ्याने दार किंचित हललं आणि पुन्हा जागच्या जागी आलं.

ही वाट चालायची कल्पना त्यांच्या मुलीची. साहेब पुलांचे तपासनीस. तडा कुठे गेलाय, खिळा कुठे सैल झालाय हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तीही परगावी. एकतीस वर्षं ते तिकडे भाड्याच्या खोलीत आणि सिस्टर इकडे हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळत. शनिवारी साहेब यायचे, सोमवारी पहाटे जायचे. एका रविवारात भांडायला वेळ पुरायचा नाही, म्हणून संसार अगदी दृष्ट लागण्यासारखा झाला. यंदा दोघंही निवृत्त झाले तेव्हा मुलगी म्हणाली, "एकदम एका घरात कोंडून घेण्याआधी जरा एकत्र चालून तरी बघा." डोंगराच्या धारेवरून जाणारी ही वाट चाळीस मुक्कामांची होती, दर मुक्कामाला एक निवारा. ती दोघांनी मिळून पार केली, तर साहेबांनी परगावची खोली सोडून कायमचं घरी यायचं. नाही झाली तर काय, हे दोघांपैकी कुणीच तोंडाने म्हटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी सिस्टरांची सॅक तपासली. तपासली म्हणजे सरकारी पद्धतीने: सगळं जमिनीवर मांडलं, एकेक वस्तू काट्यावर ठेवली आणि जास्तीचं काढून टाकलं. सिस्टरांना याचा पत्ता लागला पहिल्या मुक्कामानंतरच्या सकाळी, हातात दोन बोटांएवढा टूथब्रश आल्यावर.

"याची दांडी कुठे गेली?"

"कापली. नऊ ग्रॅम वाचले."

"आणि माझे जाड मोजे?"

"ते तर एकशेदहा होते!" साहेब अभिमानाने म्हणाले.

सिस्टरांच्या डाव्या टाचेला तोपर्यंत सुपारीएवढा फोड आला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या ब्रशला कुणाचा हात लागला नव्हता. त्या पुढे चालू लागल्या त्या पुढेच राहिल्या, आणि साहेब मागे राहिले ते मागेच.

पण अबोल्यापेक्षाही विचित्र होती ती निवाऱ्यांवरची नोंदवही. पहिल्या निवाऱ्यावर त्यांनी सॅक खाली ठेवायच्या आत वहीत त्यांची ओळ लिहून तयार होती: 'दोन माणसं. बाई लंगडतात.' टाच दुखतेय हे सिस्टरांनी तोवर साहेबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या निवाऱ्यावर एक मफलरवाले म्हातारबा बसले होते. त्यांच्यासमोर दोघांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि वहीत शाई ओली होती: 'दोन माणसं. बोलणं बंद.'

आता या तिसऱ्या निवाऱ्यातही खिडकीपाशी वही उघडी पडलेली होती. जायचं नाही असं मनाशी ठरवत दोघंही तिकडे गेले. आजच्या तारखेपुढे एवढंच होतं: 'मुक्कामाला एक.'

"एक," साहेब म्हणाले. दीड दिवसात सिस्टरांशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

"एक म्हणजे कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"अहो, ही वही अजून एकदाही चुकलेली नाही."

बाहेर धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे नीट बघून घेतलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सिस्टरांनी सवयीने त्यांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"लागत नाहीये."

"काय लागत नाहीये?"

"नाडी. थांबा, माझीच बोटं गार पडलीत." त्यांनी स्वतःची नाडी बघितली. "माझीही लागत नाहीये."

साहेब बाकावर बसले. "सिस्टर, दुपारी तो लाकडी पूल लागला ना, ओढ्यावरचा? त्याच्या तिसऱ्या फळीचा खिळा सैल होता. पाय ठेवला तेव्हा कर्रकन आवाज झाला. नंतरचं मला नीटसं आठवत नाही."

"तुम्ही पडला असतात तर मला ऐकू आलं असतं की!"

"तू दीडशे पावलं पुढे होतीस. आणि तू पडली असतीस तर मला कुठे दिसणार होतं?"

हे दोघांनाही पटलं, आणि पटलं म्हणूनच अंगावर काटा आला. दार पुन्हा हललं. साहेब ते लावायला उठले, तशा सिस्टर म्हणाल्या, "थांबा, मीही येते." तीन पावलांवरचं दार दोघांनी हात धरून लावलं आणि हात धरूनच परत येऊन बसले. ताट एकच होतं, म्हणून त्याला कुणी हात लावेना.

"मी मेलो असेन तर एक गोष्ट सांगून टाकतो," साहेब म्हणाले. "काल संध्याकाळी मी त्या मफलरवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, वरच्या निवाऱ्यावर कळवा, उद्या एकच माणूस येईल. मी परत फिरणार होतो."

सिस्टरांनी हात सोडला नाही. "का पण?"

"मला वाटलं, तू आज ना उद्या म्हणणारच, की नाही जमत तुमच्याबरोबर. ते तुझ्या तोंडून ऐकायची छाती नव्हती माझी. म्हटलं, त्याआधी आपणच निघावं."

"मग निघाला का नाहीत?"

"सकाळी उठून बघतो तर तू बूट घालून बाहेर. लंगडत वर चढायला लागलेली. मग काय, आलो मागोमाग."

सिस्टरांना रडू येत होतं आणि हसूही. वॉर्डात असताना दोन्हीची सवय मोडलेली, त्यामुळे आधी कशाला वाट द्यावी ते त्यांना उमगेना.

"त्यांना मीही तेच सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही दात घासत होतात तेव्हा. एकच माणूस येईल, मी घरी चालले. सकाळी बूट घालून उभी राहिले ती तुम्ही थांबवता का बघायला. तुम्ही नुसते बघत राहिलात. मग डोकं असं फिरलं, की खाली जायचं ते वरच चढायला लागले."

साहेबांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. तपासनीस माणूस, मेल्यावरही हिशेब चुकू देणार नाही.

"म्हणजे तू वजा, मीही वजा. मग वहीत शून्य हवं होतं. हा एक कोण?"

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. सावकाश, काहीतरी जड ओढत आणल्यासारखी. पावलं दाराशी थांबली. कडी आपोआप वर उचलली गेली. सिस्टर साहेबांच्या मागे सरकल्या, साहेब सिस्टरांच्या मागे सरकले, आणि शेवटी दोघंही भिंतीला टेकले.

दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आल्या. मागून सरपणाची मोळी ओढत होत्या आणि गळ्यात दुर्बीण होती.

"अगंबाई! दोघं आहात होय?" त्या म्हणाल्या. "मला तर एकच दिसल्या."

"दिसल्या म्हणजे?" साहेबांनी भिंत न सोडताच विचारलं.

"दुर्बिणीतून हो. सगळेच निवारेवाले बघतात. माणूस तासभर वाट चढताना दिसतो, तेवढ्यात कोण लंगडतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं कळतं. ताटं किती मांडायची ते आधीच लिहून ठेवावं लागतं ना. आज धुक्यात या बाई तेवढ्या दिसल्या, मागे कुणीच नाही. तुम्ही कुठे होतात?"

"मागे," साहेब म्हणाले.

"इतके मागे?"



"म्हणजे खालून फोन नव्हता आला?" सिस्टरांनी विचारलं. "त्या मफलरवाल्यांनी मान डोलावली होती."

"त्याच्याकडे कुठला आलाय फोन! मान तो सगळ्यांनाच डोलावतो. रोज कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं, मी परत चाललो. सकाळी बघावं तर दोघंही पुढे. नवरा आहे तो माझा, मला विचारा."

"नवरा? मग तुम्ही इथे आणि ते तिथे?"

"बावीस वर्षं झाली. रविवारी येतो धान्य घेऊन. फार सुखाचं चाललंय आमचं." बाईंनी मोळी सोडली. "एकदा दरड कोसळून वाट बंद झाली आणि तो दोन महिने इथे अडकला. शेवटी ती दरड मी एकटीने फावड्याने उपसली."

एवढं सांगून त्या दुसरं ताट आणायला आतल्या खोलीत गेल्या. चूल तडतडत होती. काही बोलायची गरज नसताना सगळं बोलून बसलेली ती दोन माणसं एका गादीवर अवघडून बसली होती.

"तुमची ती परगावची खोली," सिस्टर म्हणाल्या. "सोडू नका."

साहेबांना वाटलं, ज्याची भीती होती तेच आलं. आणि त्याच क्षणी आत कुठेतरी हायसंही वाटलं, याची त्यांना लाज वाटली. "म्हणजे चालणं संपलं आपलं?"

"चालणं कशाला संपेल? तुमचे मोजे तेवढे मला द्या. पण खोली राहू द्या. मात्र दर रविवारी तुम्हीच का म्हणून खेटे घालायचे? आता मी येत जाईन. एकतीस वर्षांत मी ती खोली बघितलीसुद्धा नाही."

साहेब म्हणाले, "हो, ये ना," आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. तिथे एकच खुर्ची होती आणि ती कपड्यांखाली कुठेतरी असावी. खिडकी कोणत्या साली उघडली होती ते आठवत नव्हतं. पलंगाखाली काय आहे, हे तर त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच मनापासून घाबरले.

"किती मुक्काम राहिले गं आपले?"

"सदतीस."

"मग," साहेब म्हणाले, "जरा हळूच चालू या."